क्रेडिट कार्डाचे व्याज आणि शुल्क कमी करून घेण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

घरातील आजारपणाच्या खर्चामुळे माझ्या क्रेडिट कार्डावर सुमारे १ लाख २० हजार रुपयांची बाकी आहे. व्याजदर दरमहा ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. महिन्याचे व्याज साधारण ४,३२० रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की आकडा ५,१०० च्या घरात जातो. मी दरमहा सात हजार रुपये भरतो, तरी मूळ रकमेतून जेमतेम एकोणीसशे रुपये कमी होतात. शिवाय बाकी पुढे ओढली जात असल्यामुळे नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदतही मिळत नाही, म्हणून कार्ड वापरणे थांबवले आहे.

व्याजदर कमी करण्याची विनंती केली असता, दर बदलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, असे ग्राहक सेवा केंद्राने सांगितले. त्याऐवजी सर्व बाकीचे वार्षिक १६ टक्के दराने २४ हप्त्यांत रूपांतर करून देण्याची तयारी दाखवली आहे. हा प्रस्ताव स्वीकारावा, की ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही या निकालाचा आधार घेऊन मूळ दरासाठीच भांडावे? गेल्या महिन्यात माझे पैसे देय तारखेच्या दुसऱ्या दिवशी जमा झाले, तरी विलंब शुल्क लावले गेले. ते माफ होऊ शकते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण ज्या निकालाचा उल्लेख केला आहे, तो राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ सालचा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द ठरवला. त्यामुळे त्या मुद्द्यावर शक्ती खर्च करू नये. एकट्या ग्राहकासाठी कार्डाचा मूळ दर सहसा बदलला जात नाही. जी काही घासाघीस होते, ती बाकीचे रूप बदलताना होते.

१६ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ५,८७६ रुपये येतो. व्याजाच्या भागावरील जीएसटी धरूनही ही रक्कम आपण आज भरत असलेल्या सात हजारांहून कमी आहे आणि दोन वर्षांत कर्ज संपते. मात्र होकार देण्यापूर्वी प्रक्रिया शुल्क आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास लागणारे शुल्क लेखी मागून घ्या. आपल्या पगाराच्या बँकेत वैयक्तिक कर्जाचा दरही विचारा, कारण हातात दुसरा आकडा असला की बोलण्याला वजन येते. ‘सेटलमेंट’ करून काही रक्कम माफ करून घ्या, असे कोणी सुचवल्यास सावध राहा. पतअहवालात तशी नोंद होते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी ती आडवी येते.

विलंब शुल्काची गोष्ट निराळी आहे. तेथे विनवणी करण्याचे कारणच नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्याशिवाय असे शुल्क लावता येत नाही. फोनवर वाद न घालता, रक्कम जमा झाल्याच्या पुराव्यासह लेखी तक्रार करा व तक्रार क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. विलंब शुल्काची तक्रार आजच ईमेलने पाठवतो. हप्त्यांच्या प्रस्तावातील प्रक्रिया शुल्क कोणाला माफ करून मिळाले असल्यास, ते कोणत्या टप्प्यावर मागितले होते, हेही कृपया सांगावे.