प्रतिसाद: लोणार तासाभरात संपतं?

वर कुणीतरी लिहिलंय की लोणारला काठावरून सरोवर पाहिलं की तासाभरात काम होतं, मुक्काम कशाला. काठावरूनच परत फिरायचं तर मग खरंच नको!

सकाळी ऊन चढायच्या आत धारेच्या (गोमुखाच्या झऱ्याच्या) बाजूने खाली उतरा. सरोवर ज्यात आहे त्या उल्का-विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, त्यामुळे पाणी वरून वाटतं त्यापेक्षा बरंच लांब आहे. पाण्याच्या काठाशी पोचलात की वास येतोच. पुडीतली चिमूटभर हळद त्या खारट-अल्कधर्मी पाण्यात कालवून बघा, लालसर होते. मुलं सोबत असतील तर एवढ्यावरच खूश. २०२० साली पाणी गुलाबी झालं होतं ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. दरवर्षी तसं दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका.

गावातलं दैत्यसूदन मंदिर घाईत उरकू नका. छतावरचं कोरीवकाम दिसायला टॉर्च हवाच, आणि मान दुखेस्तोवर वर बघायची तयारी.

गाडी असेल तर दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा करा. जिजाऊंचं जन्मस्थान सगळेच बघतात, पण लखुजी जाधवांच्या समाधीकडे फारसं कुणी वळत नाही. मला तर तीच जास्त आवडली.

एप्रिल-मेमध्ये जायचा विचार असेल तर सरळ रद्द करा.