उत्तर: प्लेगच्या लशीची भीती

असं म्हटलं जातं की ब्रिटिश काळात लोक प्लेगची लस टाळायचे ते निव्वळ अंधश्रद्धेपायी. अर्धंच पटतं. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिनची ही लस १८९७ची, मुंबईतच तयार झालेली. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब (हो, तूपच, त्याला धरून जंतू खाली लोंबत वाढतात), मग तापवून मारायचे. पण ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातल्या मलकवाल गावी १०७ जणांना टोचलं आणि त्यातले १९ धनुर्वाताने गेले. सगळे एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतले. बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असं पुढे निघालं. आधी ठपका आला तो लस बनवणाऱ्या हाफकिनवर; तो निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. बातमी मात्र कधीच पसरली होती.