मदत हवी आहे: नाताळाच्या सुट्टीत गावच्या घराची राखण

व्हाळाकाठी
आमचे घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरेच आत आहे. २२ डिसेंबरपासून ३ जानेवारीपर्यंत मी पत्नी-मुलांसह पुण्याला सासुरवाडीस जाणार आहे. गेल्या आठवड्यात आमच्याच वाड्यावर (वस्तीत) एका घरात चोरी झाली. दोन कॅमेरे पुरेत की चार घ्यावेत, एवढेच मला विचारायचे आहे. दुकानदार चारांचा आग्रह धरतो आहे. कृपया लवकर सांगावे, हातात सहा दिवस उरले आहेत.

कौलारू
छप्पर कौलांचे आहे की स्लॅबचे, हे आधी सांगा. आमच्याकडे चोर दारातून आलाच नाही. न्हाणीघरावरची सात मंगळुरी कौले त्याने काढली, एकही न फोडता भिंतीकडेला नीट रचून ठेवली आणि तो आत उतरला. आमचे दोन्ही कॅमेरे तेव्हा तुळशी वृंदावनाकडे डोळे लावून बसले होते.

व्हाळाकाठी
कौलेच आहेत. इन्व्हर्टरही आहे. आता संख्या सांगाल का?

चौथा_कॅमेरा
चारच घ्या, आणि राउटरही इन्व्हर्टरवर जोडा. नाहीतर वीज जाताच कॅमेरा कार्डावर चित्र साठवत राहील, पण तुमच्या मोबाईलवर सूचना येणार नाही. आणखी एक अनुभव सांगतो. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांमागून कोळी येतो, भिंगासमोर जाळे विणतो आणि ते वाऱ्याने हलले की मोबाईल वाजतो. पहिल्या रात्री आपण दचकून उठतो आणि तिसऱ्या रात्री आवाज बंद करून झोपतो. म्हणून अंगणातला दिवा कॅमेऱ्यापासून दूर लावावा.

निवृत्त_हवालदार
चोरी दिवसा झाली की रात्री, आणि घरची माणसे कुठे होती?

व्हाळाकाठी
रात्री. देवळात काला होता, सगळा वाडा दशावतार पाहायला गेला होता.

कुळागरवाला
मग कॅमेरा काय करणार? तो चोराला अडवत नाही, चोरी कशी झाली एवढेच मागाहून दाखवतो. आमच्या वाड्यावर अकरा घरांनी मिळून पाळ्या लावल्या आहेत. रात्री बारा ते चार दोघे जण विजेरी आणि शिट्टी घेऊन फिरतात. मागच्या वर्षी एकाला आम्ही पकडलेही, आणि त्याला अशी अद्दल घडवली की तो पुन्हा फिरकला नाही.

निवृत्त_हवालदार
पहारा जरूर ठेवा, पण आधी ठाण्यावर लेखी कळवा आणि बीटच्या शिपायाचा नंबर जवळ ठेवा. पकडलेल्या माणसाला विनाकारण वेळ न दवडता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. अद्दल घडवण्याचा अधिकार त्यात कुठेही नाही. उद्या तो भलताच कोणी निघाला, तर ठाण्यात तुम्ही बसाल.

कुळागरवाला
पोलीस येईपर्यंत त्याला चहा पाजायचा का?

निवृत्त_हवालदार
पाजलात तरी चालेल. हात लावू नका.

खोली_भाड्याने
भाडेकरूंची पोलीस पडताळणी केली आहे का? अर्ज ठाण्यावर द्यावा लागतो. बहुतेक घरमालक टाळतात आणि मग पस्तावतात.

व्हाळाकाठी
आमच्याकडे भाडेकरू नाही. मी कॅमेऱ्यांविषयी विचारले होते.

राखणेचा_नारळ
राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवून निघा. आमचे आजोबा घराला कुलूपसुद्धा लावत नसत.

कौलारू
आजोबांच्या काळी घर रिकामेच नसे, बाब. कुलूप लावायची वेळ येणार कधी?

मांडावरची
दादा, तुम्ही तेरा दिवस नसाल, तर तुळशीपुढे दिवा कोण लावणार, हे अजून कोणीच विचारले नाही.

व्हाळाकाठी
आई लावेल. ती घरीच आहे, ती कुठेही जात नाही.

निवृत्त_हवालदार
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचे होते! आम्ही सगळे बंद घर गृहीत धरून बोलत होतो. वय काय? ऐकू येते का? फोन वापरतात का?

व्हाळाकाठी
मी घर रिकामे असल्याचे कुठेच म्हटले नव्हते. वय अठ्ठ्याहत्तर, कान थोडे मंद, बटणांचा फोन आहे, पण तो बहुधा कपाटात असतो.

खोली_भाड्याने
ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो क्रमांक लिहून ठेवा.

निवृत्त_हवालदार
ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते, आणि तिचा हेतू वेगळा आहे. रात्री मदत हवी असेल तर ११२.

मांडावरची
कपाटातल्या फोनवरून कोणताच नंबर लागणार नाही. बिनतारी घंटा मिळते, तिचे बटण आईच्या उशाशी आणि घंटा शेजारच्या घरात ठेवा. चिऱ्यांच्या जाड भिंतींतून संदेश कमी अंतरापर्यंत पोहोचतो, म्हणून निघण्यापूर्वी वाजवून पाहा. आणि पौष लागला की त्या धालोंना, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या नाच-गाण्यांना, जातात का?

व्हाळाकाठी
जाते. खेळत नाही, पण मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, बसून गाते. मध्यरात्रीपर्यंत परतत नाही.

मांडावरची
म्हणजे काल्याच्या रात्रीसारखेच झाले, सगळ्या वाड्याला ठाऊक की घरात कोणी नाही. धालोंच्या रात्री कोणालातरी तुमच्या पडवीत झोपायला सांगा, आणि परतताना त्यांच्यासोबत कोणीतरी घरापर्यंत यावे.

व्हाळाकाठी (दोन दिवसांनी)
दोन कॅमेरे घेतले, त्यांतला एक न्हाणीघराच्या बाजूला लावला. पडवीत शेजारच्या काकांचा मुलगा झोपेल. घंटाही बसवली. आज पहाटे आईने फुलांची परडी उशाशी ठेवली, ती नेमकी बटणावर. काका कोयता घेऊन धावत आले. तिने त्यांना चहा दिला.

चौथा_कॅमेरा
माजघरात एक हवाच होता.