जेरार्ड-लॅम्पार्ड: चूक रचनेची की वृत्तीची?

अर्धीवेळ: २००४च्या युरो फुटबॉल स्पर्धेत जेरार्ड, लॅम्पार्ड, स्कोल्स, बेकहॅम असूनही इंग्लंडची मधली फळी का विस्कटायची? एकमेकांसाठी खेळायची तयारीच नव्हती का?

डावापाय: वृत्ती कसली! ४-४-२ मध्ये (चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन पुढे) मध्यभागी जेरार्ड-लॅम्पार्ड दोघेच. दोघेही गोलकडे धावले की बचावफळीपुढे मोकळं रान. त्यात स्कोल्सला डावीकडे ढकललं. त्याच ऑगस्टमध्ये त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं.

मैदानमामा: २००६च्या विश्वचषकातली पोर्तुगालविरुद्धची उपांत्यपूर्व लढत बघा. हारग्रीव्ह्ज बचावफळीपुढे ठाण मांडून, रूनी पुढे एकटा. रूनीला लाल कार्ड मिळूनही १२० मिनिटं गोल खाल्ला नाही. पेनल्टीत मात्र इंग्लंडकडून गोल केला तो एकट्या हारग्रीव्ह्जने. लॅम्पार्ड, जेरार्ड दोघेही चुकले.

अर्धीवेळ: म्हणजे एका मोठ्या नावाला बाहेर बसवायला हवं होतं?

डावापाय: हो. नाहीतर बेकहॅमला. पण कर्णधाराला बसवणार कोण?