'नाव नंतर बदलू' यातले 'नंतर' महाग पडते
नवरा-बायको विभक्त झाल्यावर गाडीच्या विम्याचे काय करावे, या इथल्या चर्चेत 'गाडी ज्याच्याकडे राहील त्याने विमा भरावा, नाव सावकाश बदलता येईल' असा सल्ला दिला आहे; तो निम्माच पटतो. माझी बहीण विभक्त झाल्यावर गाडी घेऊन अंबाजोगाईला माहेरी आली आणि दोन वर्षे विम्याचा हप्ता तिनेच भरला. आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) व पॉलिसी मात्र नवऱ्याच्याच नावावर होती. पुढे लातूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीने उजवा दरवाजा चेपला, तेव्हा दाव्याच्या अर्जावर सही त्याची लागली आणि भरपाईही त्याच्याच खात्यात जमा झाली. हप्त्याच्या पावत्या तिच्या पिशवीत, पैसे तिकडे!

धोका नवऱ्यालाही असतो, हे इथे कोणी मांडलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ताब्यात असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच धरली आहे. हे वकिलांनी समजावल्यावर, वर्षभर टाळाटाळ करणाऱ्या माझ्या मेव्हण्याने गाडीची मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर आठवड्यात सह्या केल्या. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, मात्र गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या पॉलिसीधारकाकडेच राहते.