चेटकिणींच्या गोष्टी आणि आपली टोळी : तुमचेही अनुभव लिहा

माझी लेक तेरा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात रात्री दिवा मालवता मालवता तिने विचारलं, "आई, तू शाळा बदललीस तेव्हा तुझ्याशी सगळ्यात आधी कोण बोललं?" ती एइको कादोनो यांची किकी वाचत होती. १९८५ सालची जपानी कादंबरी. किकी चेटकिणीची मुलगी. तिच्याकडच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी घर सोडायचं, जिथे दुसरी चेटकीण राहत नाही असं गाव शोधायचं आणि तिथे वर्षभर स्वतःच्या हिमतीवर राहून दाखवायचं. तिला नीट येतं एवढंच, झाडूवर बसून उडता. म्हणून ती लोकांच्या वस्तू पोचवायचं काम सुरू करते. त्या परक्या गावात एक बेकरीवाली बाई तिला राहायला जागा देते. लेकीचा प्रश्न त्या पानावरून आला होता.

मी आठवीत चिपळूणहून ठाण्याला आले. केस कुरळे, दाट, विंचरले की आणखी फुलायचे. पहिल्याच आठवड्यात वेणी सुटली आणि मागच्या बाकावरून "हडळ" असं ऐकू आलं. वर्षभर तेच माझं नाव होतं. एकदा डब्याच्या सुट्टीत एका मुलीने काही न विचारता माझे केस हातात घेतले, पाण्याचा हात लावला आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ती स्वतः केस मोकळे सोडून वर्गात आली. बाईंनी तिला पूर्ण तास बाहेर उभं केलं. दारातून ती माझ्याकडे बघत होती, ते मला अजून दिसतं.

चेटकिणींच्या गोष्टी मी तिशीनंतर वाचल्या. प्रत्येक गोष्टीत मी ती दारात उभी असलेली मुलगी शोधते आणि बहुतेक वेळा ती सापडतेही. आपल्याकडे चेटकीण हा शब्द शिवी म्हणूनच कानावर पडतो. तरी अशी गोष्ट वाचून कोणाला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं असेल तर लिहा. अजिबात वाटलं नसेल तर तेही लिहा. पुस्तकाचं नाव आठवलं नाही तरी चालेल, माणूस मात्र आठवा.

* * *

मी नाशिकरोडची. आमच्या वाचनालयात 'हॅरी पॉटर आणि परीस'ची एकच प्रत होती आणि सात दिवसांत परत करावी लागायची. मी आणि माझी मैत्रीण, दोघींना एकदमच हवं होतं. मग आमच्या चाळीच्या जिन्यात बसून आळीपाळीने मोठ्याने वाचायचं ठरलं. मूळ इंग्रजी नावात तत्त्ववेत्त्याचा दगड आहे, मराठीत त्याचा परीस झाला. परीस आजीच्या गोष्टींमुळे आमच्या ओळखीचा होता. त्या एका शब्दाने ते परदेशी पुस्तक आम्हाला लांबचं वाटलंच नाही.

सांगायचं आहे ते वेगळंच. माझी मैत्रीण बोलताना अडखळायची. 'क' आणि 'प' तिला फार त्रास द्यायचे. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणायच्या आधीच तिचा चेहरा लाल व्हायचा. पण हर्माईनीचं बोलणं वाचताना ती आवाज चढवायची, मान ताठ करायची आणि शब्द सलग यायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती स्वतःच थांबली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तिने तेच वाक्य पुन्हा वाचलं, आणखी जोरात. त्यानंतर हर्माईनीचं प्रत्येक वाक्य तिचं, मग ते माझ्या पानावर आलं तरी.

आता ती परिचारिका आहे, मस्कतला असते. फोनवर अजून अडखळते. मी वाट बघते. तिला माहीत आहे की मी वाट बघते.

* * *

मी आता आजी आहे, आणि माझी चेटकीण रंगमंचावरची. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या', त्यात दिलीप प्रभावळकरांची चेटकीण. सगळी मुलं ओरडत होती आणि मला वाटत होतं, ही आत जाऊच नये. घरी येऊन मी आईची काळी चंद्रकळा गुंडाळून घरभर फिरले. आजीने दटावलं, मुलीच्या जातीने असलं सोंग काढू नये.

काही वर्षांपूर्वी तेच नाटक नातीला दाखवलं. आता चेटकीण वैभव मांगले होते. नात घरी येऊन म्हणाली, मला ती व्हायचंय. मी पेटी उघडली आणि तिला चंद्रकळा काढून दिली.

* * *

मी शहादा तालुक्यात शाळेत शिकवते. वरचं सगळं वाचलं आणि दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आमच्याकडे हा शब्द गोष्टीतला नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर जिवंत बाईला डाकीण ठरवतात. ताप पसरला, गाय आटली, पोर दगावलं, की भगताकडे जायचं आणि भगत बोट दाखवतो. ते बोट बहुतेक वेळा एकट्या बाईच्या घराकडे जातं. विधवा असते, नावावर जमिनीचा तुकडा असतो, नाहीतर उलट बोलायची सवय असते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पोलिस ठाण्यापर्यंत जायला बाईच्या सोबत कोणीतरी लागतं.

माझ्या लहानपणी आमच्या पाड्यावरच्या एका बाईसोबत कोणी नव्हतं. ती आम्हा पोरांना बोरं द्यायची. एक दिवस आईने बजावलं, तिच्या दारात जायचं नाही. आम्ही गेलो नाही. तिच्या विहिरीवरच्या फेऱ्या आधी पहाटेच्या झाल्या, मग बंदच झाल्या. ती भावाच्या गावी गेली असं म्हणतात. पावसाळ्यात तिचं घर बसलं. त्याचे वासे कोणीही नेले नाहीत. आमच्याकडे चांगला वासा कोणी सोडत नाही, त्यावरून भीती केवढी असेल ते समजा.

त्यामुळे शाळेला भेट आलेल्या पुस्तकांत टेरी प्रॅचेट यांचं 'द वी फ्री मेन' निघालं तेव्हा मुखपृष्ठ बघून मी ते बाजूला ठेवलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचलं. २००३ सालची कादंबरी आहे, टिफनी नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीची. मेंढपाळांच्या घरातली, चीज बनवणारी. पाण्यातल्या राक्षशिणीचे डोळे सूपच्या ताटलीएवढे आहेत असं वाचल्यावर ती खरोखर ताटली मोजते आणि आठ इंच असं नोंदवून ठेवते. तिच्या मुलखात सरदाराचा मुलगा हरवतो आणि मिसेस स्नॅपर्ली नावाच्या म्हातारीवर आळ येतो. दात पडलेले, एकटी राहणारी, स्वतःशी बोलणारी. लोक तिला घराबाहेर काढतात, कोणी आसरा देत नाही आणि ती थंडीत मरते. टिफनी ठरवते की आपण चेटकीण व्हायचं, म्हणजे असं पुन्हा कोणासोबत होणार नाही.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि ओट्यावर जाऊन बसले. मला त्या वेळी आठच वर्षं होती, मी काय करणार होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. टिफनी नऊची आहे. ती मोजते, ती विचारते. पुढच्या महिन्यात हे प्रकरण सातवीला वाचून दाखवायचं ठरवलं आहे, जिथे अडेल तिथे मुलांच्या पावरी बोलीत सांगत. काय होतं ते लिहीन.

* * *

शहाद्याच्या ताई, तुमचं वाचल्यावर माझं छोटं वाटतंय, तरी लिहिते. मी सोलापूरची. नवव्या वर्षी हातावर आणि ओठाजवळ कोड आलं. कोड स्पर्शाने पसरत नाही हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, घरच्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, आणि तरी हळदीकुंकवाला माझ्या कपाळापाशी आलेलं बोट क्षणभर थांबायचं. ते थांबणं इतकं लहान असायचं की तक्रार तरी काय करणार.

कॉलेजात असताना न्नेडी ओकोराफोर यांचं 'अकाटा विच' हाती आलं. २०११ सालचं. त्यातली सनी बारा वर्षांची. जन्म न्यूयॉर्कचा, आई-वडील नायजेरियाचे, आणि आता सगळे नायजेरियातल्या आबा शहरात राहतात. अमेरिकेत ती परकी आणि इथे "अकाटा", म्हणजे परदेशातून आलेल्या काळ्या माणसाला हिणवायचा शब्द. शिवाय तिच्या त्वचेत रंगच नाही. उन्हात बाहेर पडता येत नाही, म्हणून फुटबॉल आवडत असून खेळता येत नाही. मग कळतं की तिच्यात जादू आहे, आणि ज्या अंगावर लोक बोट दाखवतात त्याच अंगाशी तिच्या शक्तीचं नातं आहे. ऑर्लू, चिची, साशा आणि सनी असे चौघं मिळून शिकतात. चौघं सतत भांडतात. ते भांडण मला फार आवडलं, कारण सनीशी कोणी जपून वागत नाही.

माझ्याशी जपून न वागणारी मैत्रीण शेजारच्या वाड्यात होती. ती उर्दू शाळेत जायची. बर्फाचा गोळा आम्ही एकाच काडीवरून खायचो, आणि मी जास्त चोखला तर ती माझ्या पाठीत धपाटा घालायची. तो धपाटा खाताना मला किती बरं वाटायचं हे तिला मी कधी सांगितलं नाही. आज तिलाही हे वाचायला पाठवणार आहे.

* * *

इथे सगळ्या ताई आणि मावशी दिसतात. मी एकोणीस वर्षांचा मुलगा, इचलकरंजीचा. आई ब्लाउज शिवते. मी कामोमे शिराहामा यांची 'विच हॅट अटेलिए' ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचतो, जपानमध्ये ती २०१६ पासून येते आहे. त्यातली कोको शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. सगळ्या जगाची समजूत अशी की जादू जन्मानेच येते, ज्यांच्यात नाही त्यांनी लांबून बघावं. कोको चोरून बघते तेव्हा तिला कळतं की जादू काढायची असते. ठरावीक शाई, लेखणी, वर्तुळ आणि त्यातल्या खुणा. वर्तुळ पूर्ण जुळलं की मंत्र जागा होतो. म्हणजे शिकवलं तर कोणालाही येईल, आणि म्हणूनच ते लपवून ठेवलं आहे. त्या अर्धवट ज्ञानातून तिच्या हातून मोठा अनर्थ होतो, तिची आई दगड होते. पुढची सगळी धडपड त्यासाठी.

जन्माने येतं, तुझ्यात नाही, हे मी चित्रकलेबद्दल ऐकलं आहे आणि इतरही गोष्टींबद्दल. किफ्री नावाचे गुरू कोकोला घरी नेतात. तिथल्या तीन मुलींपैकी अ‍ॅगट तिला सुरुवातीला अजिबात जवळ करत नाही, कारण ती बाहेरून आलेली. हे मला खरं वाटलं. माझ्या वर्गात मुलींचं पुस्तक वाचतो म्हणून हसणारे होते. त्यातलाच एक आता रोज संध्याकाळी माझ्यासोबत बसून वर्तुळं काढतो. त्याचे काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यांचे ब्रश त्याच्याकडे आहेत. हात न टेकता रेष कशी ओढायची ते त्याने मला शिकवलं. आम्ही माफी वगैरे काही बोललो नाही.

* * *

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. या पुस्तकांतली टोळी टिकते, आयुष्यातली टिकतेच असं नाही. आम्ही चौघी होतो. होस्टेलच्या गच्चीवर रात्र रात्र याच गोष्टी वाचायचो, एकमेकींना नावंही त्यातलीच ठेवली होती. आज चौघींपैकी दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि त्या दोघींतली एक मी आहे. पुस्तकांनी मला सांगितलं होतं की संकट आलं की मैत्रिणी धावून येतात. मैत्री अशी हळूहळू आटते हे कोणी लिहिलं नव्हतं, आणि त्याचा मला राग आहे.

मला बरं वाटलं ते किकीच्या सिनेमाने, मियाझाकींच्या, १९८९च्या. बंगळूरमधली पहिली नोकरी, सकाळी उठवत नव्हतं. सिनेमात किकीला एक दिवस उडताच येईनासं होतं. मांजराचं बोलणंही कळेनासं होतं. जंगलात राहणारी चित्रकार मुलगी तिला आपल्या खोपटात नेते आणि सांगते की मला चित्र जमेनासं होतं तेव्हा मी काढायचं थांबवते, फिरते, झोपते. तिच्याकडे उपाय नाही, फक्त जागा आहे. मला त्या काळात एका सहकारी बाईंनी शनिवार-रविवार आपल्या घरी झोपायला बोलावलं होतं. नुसतं झोपायला. त्यांचं माझं आता फारसं बोलणं नाही. तरी टोळी म्हटलं की मला त्यांची ती चटई आठवते.

* * *

बंगळूरच्या मैत्रिणीला : माझी वेण्या घालणारी मुलगीही दहावीनंतर कुठे गेली, मला माहीत नाही. तुझा राग मला पटतो.

शहाद्याच्या ताई, तुमचं लेकीला वाचून दाखवलं. तिने काही विचारलं नाही, उठून माझ्याजवळ येऊन बसली. प्रकरण वाचून झालं की नक्की लिहा.

* * *

वाचलं. दोन तास लागले. मुलं टिफनीच्या ताटलीवर खूश होती, मधल्या सुट्टीत त्यांनी खिचडीच्या ताटल्या मोजल्या. म्हातारी येते तिथे वर्ग गप्प झाला. आमच्या वर्गात ही गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या घरची असते, म्हणून मी कोणाकडे न बघता वाचत होते.

संपल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, पडक्या घरात राहायची तिचं नाव काय होतं?" मी म्हटलं, मिसेस स्नॅपर्ली. ती म्हणाली, "ती नाही. आपली." त्या घराला पोरं अजून डाकणीचं घर म्हणतात, आत राहणारीचं नाव त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मला ते आठवत होतं. मी फळ्यावर लिहिलं. तिने वही काढली आणि ते उतरवून घेतलं.