कुत्रा रात्रभर भुंकतो, यात चूक कुणाची? (इंदूरकरांची ऑनलाइन चर्चा, टोपणनावांनी)

खिडकीपाशी

आमच्या ब्रूनोमुळे शेजारच्या काकूंना तीन महिने धड झोप मिळाली नाही, हे आधीच कबूल करते. काकूंनी दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी काका सकाळी फाटकाशी येऊन नुसते उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

लोकमान्य नगरात आमचं जुनं बैठं घर आहे. पुढे अंगण, गजांचं फाटक, फाटकाला लागून पत्र्याचं शेड आणि तिथे हा साखळीला. साखळी जिथवर पोचते तिथवर फरशीवर अर्धगोल झिजलाय. रोज झाडताना तो दिसायचा, पण कशामुळे झिजला असेल हे मनात आलं नाही.

‘करंटचा पट्टा (भुंकलं की मानेला झटका देणारा) मागवून टाका, दोन दिवसांत गप्प होईल’ असं तिघा-चौघांनी सांगितलं. मागवण्याआधी एक रात्र मी पुढच्या खोलीत दिवा मालवून खिडकीशी बसले आणि तो कधी भुंकतो ते लिहून काढलं. पावणेअकराला चौकीदाराची शिट्टी. सव्वाबाराला फाटकाला अंग घासणारी गाय. दीडच्या सुमारास सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून परतणारी मुलं, दोन मोटारसायकली. सव्वादोनला भिंतीवरचं मांजर. तीननंतर मात्र रस्त्यावर कुणीच नव्हतं, तरी तो भुंकत होता. एकदा भुंकायचा, थांबायचा, घराच्या दाराकडे कान करायचा, परत एकदा भुंकायचा. शेवटी मी दार उघडून त्याच्याजवळ जाऊन बसले. पाच मिनिटांत माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपला.

म्हणजे चार वेळचं भुंकणं फाटकातून दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टींवर होतं, आणि शेवटचं आम्हाला हाक मारणं होतं. पट्ट्याला यातला फरक कळत नाही, तो दोन्हीला सारखाच झटका देतो.

दुसऱ्या दिवसापासून ब्रूनो रात्री पुढच्या खोलीत, दाराजवळ गोधडीवर. फाटकाला आतून हिरवं शेडनेट बांधलं. संध्याकाळी पाऊण तास फिरवते, आणि ओढत नेत नाही, प्रत्येक खांब त्याला हवा तितका हुंगू देते. नाक थकलं की कुत्रा गाढ झोपतो. सव्वा महिना झाला. परवा काकूंनी स्वतःहून त्याला पोळी दिली.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला रात्री कुत्र्याला घरात घेणं जमणार नसेल त्याने कुत्रा पाळू नये.

जुना इंदूरकर

ताई, सव्वा महिन्याच्या अनुभवावर शेवटचं वाक्य फार मोठं लिहिलंत. आमच्याकडे तीन पिढ्या कुत्रा अंगणातच राहिला. खाऊनपिऊन, अंघोळ घालून, मायेने. घरात आईचं देवघर आहे, तिचं सोवळं आहे, वय ८२. तिला या वयात ‘कुत्रा आत झोपणार’ असं सांगू?

आणि राखणीचं काय? गेल्या वर्षी आमच्या ओळीत चोर शिरले तेव्हा आमचाच मोती भुंकला म्हणून चार घरं जागी झाली. भुंकणं हे त्याचं काम आहे. कामाबद्दल कुणी शिक्षा करत नाही, पण कामच बंद पाडायचं हेही मला पटत नाही.

खिडकीपाशी

काका, त्या रात्री चार घरं उठली, कारण मोती एरवी भुंकत नसणार. रोज रात्री भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी कोण उठून बघतं? आमच्या गल्लीत ब्रूनोचा आवाज ऐकून लोक कूस बदलून उशी कानावर घ्यायचे. चोर आला असता तरी त्यांनी तेच केलं असतं. दाराच्या आत झोपलेल्या कुत्र्यालाही कडी वाजलेली ऐकू येते.

पहिली पाळी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. पीथमपूरला कामाला आहे, कंपनीची बस सव्वापाचला चौकात येते. शेजारचा कुत्रा अकरा ते तीन भुंकतो. सकाळी मी ज्या मशीनवर उभा असतो तिथे डुलकी लागली तर बोटं जातील.

ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम वाचले आहेत. वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. कुत्रा त्याच्या कितीतरी वर जातो. तक्रार घेऊन गेलो तर ‘आपस में निपटा लो’ म्हणून परत पाठवलं. मालकाला सांगितलं तर म्हणतो, शिकवतोय, वेळ लागेल. किती वेळ? कुत्र्याच्या मनाचा विचार करणाऱ्यांनी भिंतीपलीकडच्या माणसाचाही करावा. पट्ट्याने उद्या गप्प होत असेल तर उद्याच लावा, असं माझं मत आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शेफर्डवाला

सहमत. आमच्या शेफर्डला थरथरणारा पट्टा लावला, करंटचा नव्हे. चार दिवसांत भुंकणं निम्म्यावर आलं. तो खातो-पितो, खेळतो. दरवेळी क्रूरता क्रूरता म्हणायची गरज नाही.

गल्लीतली सात

दादा, थरथर आणि झटका एक नाही हे मान्य. पण निम्म्यावर आलेल्या भुंकण्याचं कारण गेलं की नुसता आवाज गेला, हे तुम्ही पाहिलंत का?

मी गल्लीतल्या सात कुत्र्यांना खायला घालते, सातही जणांची नसबंदी झाली आहे. आमच्या पुढच्या घरातल्या कुत्र्याला करंटचा पट्टा होता. शाळेतून सायकलवर येणारी मुलं दिसली की तो भुंकायचा आणि मानेला झटका बसायचा. महिनाभराने तो खरंच गप्प झाला. मग एक दिवस फाटक उघडं राहिलं आणि तो न भुंकता सरळ एका मुलाच्या पोटरीवर गेला. कुत्र्याने झटक्याचा संबंध स्वतःच्या भुंकण्याशी जोडलाच नव्हता, सायकलशी जोडला होता. आधी भुंकून तो निदान सांगत तरी होता. वेल्समध्ये असे करंटचे पट्टे २०१०पासून बंद आहेत.

आणि भुंकणं ऐकलं की चिरका आवाज सोडणारं, भिंतीला लावायचं यंत्र येतं, ‘माणसाला ऐकू येत नाही’ म्हणून विकतात, त्याबद्दलही सांगते. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत, कुत्र्याचा साधारण ४५ हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे एक कुत्रा भुंकला की त्या टप्प्यातले सगळे तो चिरका आवाज भोगतात, झोपलेलेसुद्धा. आमचे सात त्या घरासमोर जाऊन उलट जास्त भुंकायचे.

काकांना एवढंच सांगते, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या ११व्या कलमात तोकड्या किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड १० ते ५० रुपये, म्हणून कुणी मोजत नाही. पण गुन्हा आहे.

जुना इंदूरकर

मोतीची साखळी लांब आहे आणि तो दोन वेळा फिरतो. गुन्हेगारांत आम्हाला धरू नका.

तेरा वर्षांची राणी

पट्टा किंवा शिकवणीआधी डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगायला लिहितेय. राणी तेराव्या वर्षी रात्री दोनला उठून कोपऱ्यातल्या भिंतीकडे तोंड करून भुंकायला लागली. आम्ही रागावलो, एकदा मी पाणीही मारलं. त्याचं आजही वाईट वाटतं. तपासलं तेव्हा कळलं की म्हातारपणी माणसासारखं कुत्र्याचंही डोकं भ्रमतं, दिवस-रात्र कळेनासं होतं. त्यात कंबर दुखत होती. औषध, जाड गादी आणि रात्रभर छोटा दिवा, एवढ्याने पुष्कळ फरक पडला. तरुण कुत्रा असेल तर कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का बघा. खाजेने झोप लागत नाही, मग बारीकसारीक आवाजालाही उठतो.

पहिली पाळी

वरचं सगळं वाचलं. सायकलवाल्या मुलाचं वाचून पट्ट्याचा हट्ट सोडतो. पण मग मालकांनी एक करावं. शिकवणं दिवसा करा, माझी रात्र त्यात घालू नका. शिकेपर्यंत त्याला आत घ्या, आणि तेही आजच. ‘हळूहळू’ हा शब्द तुम्हाला सोपा आहे, कारण तुमची खोली मागे आहे.

खिडकीपाशी

दादा, अगदी बरोबर. आत घेणं पहिल्याच रात्री. बाकीचं दिवसा केलं आम्ही.

ब्रूनो भुंकला की मी आधी खिडकीतून ‘ए, गप!’ ओरडायचे. त्याला वाटायचं मीही भुंकतेय, मग दुप्पट जोर. ते बंद केलं. चौकीदाराची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली. दुपारी इतक्या बारीक आवाजात लावायची की त्याचा फक्त कान हलेल, आणि लगेच पनीरचा तुकडा द्यायचा. दर दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा, भुंकला तर परत मागे. एरवी भुंकला तर पनीर नाकाशी धरायचं. हुंगायला तो थांबतोच. थांबला की ‘शांत’ म्हणायचं आणि द्यायचं. पुढे दोन सेकंद थांबला तर, मग पाच, मग दहा. आठवड्याने नुसत्या शब्दावर मान वळवायला लागला.

एक अडचण आधीच सांगते. नुसती सोबत हवी म्हणून बंद दारामागून हाका मारणाऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करा असा सल्ला देतात, पण सुरुवातीला तो आधीपेक्षा जास्त भुंकतो आणि मधेच दार उघडलं तर ‘जास्त भुंकलं की उघडतं’ हे शिकतो. म्हणून हा उपाय रात्री नकोच. दुपारी, शेजाऱ्यांना सांगून.

जुना इंदूरकर

रात्री विचार केला. मोतीचं शेड फाटकापासून उचलून मागच्या अंगणात नेतो. रस्ता दिसणार नाही, शिट्टीही लांब जाईल. आत मात्र नाही.

पहिली पाळी

काका, मागच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?

जुना इंदूरकर

शेजाऱ्यांची सून. बाळंतीण आहे, बाळ वीस दिवसांचं.

मग मागे नको. पुढे ओटल्याला जाळीचं दार आहे, त्याच्या आत चपला काढायची जागा. देवघर तिथून दोन खोल्या लांब. जाळीला शेडनेट लावलं तर रस्ताही दिसणार नाही, आणि माझी खाट तिथून हाकेवर आहे. आईला संध्याकाळी विचारतो.